टॅपेट आवाजावर नव्हे, फिलर गेजवर सेट करावेत
मृगाच्या पेरणीआधी मराठवाड्यात ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग होते, तेव्हा ऑइल बदलण्यासोबत टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधले अंतरही, तपासावेत. पुस्तिकेत थंड इंजिनाचे माप असेल तर हे काम सकाळीच उरकावे, कारण तापलेल्या धातूच्या प्रसरणामुळे अंतर बदलते.

सेटिंगसाठी पिस्टन कॉम्प्रेशन (हवा दाबण्याच्या) स्ट्रोकच्या टोकाला आणताना केवळ फ्लायव्हीलवरील खुणेवर विसंबू नये. एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकण्याच्या) स्ट्रोकच्या शेवटीही तीच खूण जुळते आणि तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण बसलेले नसतात. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरच्या (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाच्या) इंजिनात चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असेल, त्या क्षणी पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात व सेटिंग करता येते.

लॉकनट ढिला करून स्क्रू असा फिरवावा, की फिलर गेजची (ठराविक जाडीच्या पात्यांच्या मापकाची) नेमक्या मापाची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधून हलकी अडत सरकेल. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पाती पुन्हा घालून पाहणे अनिवार्य आहे. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल, तर सपाट पाती त्यावरून जाते आणि प्रत्यक्ष अंतर मापापेक्षा जास्तच राहते. असा रॉकर आधी दुरुस्त करावा किंवा बदलावा.

टकटक थांबावी म्हणून टॅपेट मापापेक्षा घट्ट करणे सर्वांत घातक, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.