कोयनेच्या पट्ट्यात घर आहे आणि मोठ्या भूकंपाची धास्ती वाटते? मग ही कामं हातात घ्या

पाटण, कोयनानगर, हेळवाक, पलीकडं चिपळूण, इथं ज्याचं घर आहे त्याला वेगळं सांगायला नको. रात्री फळीवरची भांडी खणखणली की झोप गेलीच, मग मोबाईल हातात, ग्रुपवर "तुमच्याकडं जाणवला का", आणि डोक्यात एकच, हा छोटा होता, मोठा आला तर? ही भीती उगाच नाहीये. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथं ६.३ रिश्टरचा धक्का बसला, सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. ज्यांच्या घरात त्या पहाटेच्या आठवणी आहेत त्यांना "काय होत नाही, झोपा" म्हणणं मला पटत नाही. पण नुसतं घाबरून जागत बसण्यानं भिंत मजबूत होत नाही, म्हणून ती सगळी धास्ती कामाला लावायची, कशी ते सांगतो.

आधी खरं काय ते समजून घ्या

कोयनेचे बहुतेक धक्के धरणाच्या दक्षिणेकडच्या साधारण ३० बाय २० किलोमीटरच्या छोट्या पट्ट्यातच होतात. धरणामागचा शिवसागर जलाशय १९६२ च्या आसपास भरायला लागला तेव्हापासून हे चालूय, पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत झिरपणारं पाणी यामुळं आधीच ताणलेला खडक सरकतो. त्यामुळं पावसाळ्यानंतर धक्के वाढले तर तो इथला जुना क्रम आहे. आजवर ५ रिश्टरच्या वरचे वीसहून जास्त झालेत, ६ च्या वरचा मात्र तो एकच, १९६७ चा.

एक गैरसमज गावोगावी आहे, की छोटे धक्के बसले की जोर निघून जातो आणि मोठा येत नाही. तसं नसतं. रिश्टर एकानं वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते, म्हणजे ६ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४ चे हजारेक धक्के लागतील. म्हणून छोट्या धक्क्यांवर विसंबू नका, आणि त्यांनी हादरूनही जाऊ नका. तारीख-वेळ सांगणारा मेसेज आला तर तो थेट डिलीट करा, पुढं पाठवू नका, कारण भूकंपाची तारीख आज जगात कुणालाच सांगता येत नाही. धक्का जाणवला तर राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राचं भूकॅम्प ॲप एकदा बघा आणि मोबाईल ठेवून द्या.

धरणाचं काय, हा प्रश्न तर प्रत्येकाच्या मनात असतो. १९६७ ला धरणाला तडे गेले पण ते फुटलं नाही, नंतर ते भक्कमही केलं.

आता घराकडं बघा, खरं काम इथंच आहे

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, गणपती विसर्जनानंतरची ती रात्र. रिश्टर ६.२ च्या आसपास, म्हणजे कोयनेएवढाच, पण माणसं गेली आठ हजारांच्या आसपास. माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दगड चिखलात रचलेले, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. अशी भिंत बाहेरून एक दिसते पण असतात दोन पदर, आतला आणि बाहेरचा, मधे गोटे आणि माती भरलेली. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते, ढासळते आणि वरचा सगळा भार झोपलेल्या माणसावर येतो.

तुमचं जुनं दगडी घर असेल तर दिवसाउजेडी भिंतीला गाल लावून तिच्या रेषेत बघा, मधे पोट आलंय का. कोपऱ्यात दोन भिंती जिथं मिळतात तिथं उभी फट आहे का, बोट जातंय का. असं काही दिसलं तर त्या भिंतीजवळ आजपासून कुणी झोपायचं नाही, हे पहिलं, दुरुस्ती मागून.

दुरुस्तीत तीन गोष्टी करायच्या. भिंतीत ठरावीक अंतरावर या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारे लांब दगड बसवायचे, किंवा भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन पदर बांधले जातात. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींना वेढा घालणारा काँक्रीटचा पट्टा. आणि डोक्यावरचं वजन उतरवायचं, माळ्यावरचे दगडी पाटे, जुनी लाकडं, धान्याची पोती सगळं खाली. पहिली दोन कामं इंजिनिअर आणि जाणत्या गवंड्याला विचारूनच करा, भिंतीला भोक पाडणं हे अंदाजानं करायचं काम नाही. वजन उतरवायला मात्र कुणाला विचारायला नको, येत्या रविवारीच उतरवा.

नवीन बांधताय? मग स्लॅबपेक्षा कॉलमकडं जास्त लक्ष द्या. सळईचं काम झालं की काँक्रीट पडायच्या आधी स्वतः जाऊन कॉलमची रिंग, म्हणजे उभ्या सळयांना वेढून बांधणारी आडवी सळई, बघा. रिंगची दोन्ही टोकं नुसती काटकोनात दुमडलेली नकोत, १३५ अंशात वळवून कॉलमच्या पोटात घुसलेली पाहिजेत. काटकोनातली रिंग हादऱ्यात उघडते आणि मग उभ्या सळया बाहेर फाकतात. बीम आणि कॉलम मिळतात तिथं रिंगमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त नको. फिटर म्हणेल "साहेब, सगळीकडं असंच करतात", तरी बदलून घ्या, एकदा काँक्रीट पडलं की मग काही दिसत नाही.

आपल्या तालुक्यातली निम्मी माणसं मुंबईला, त्यांनी फ्लॅटमधे आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. २००१ च्या भूजच्या भूकंपात लांब अहमदाबादेतल्याही इमारती पडल्या, त्यातल्या कितीतरी खाली पार्किंगसाठी मोकळ्या आणि वर भिंतींनी जड अशा होत्या. बिल्डिंग तीस वर्षांची झाली असेल तर सोसायटीच्या मीटिंगमधे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीची मजबुती तपासून घ्यायचा, विषय तुम्हीच काढा.

झोपायची जागा

दोन्ही मोठे भूकंप पहाटे आले, म्हणून मी याला फार महत्त्व देतो. पलंगाच्या वर फळी, हंडे-कळश्या, देवांच्या काचेच्या तसबिरी काही नको. लोखंडी कपाट एल पट्टीनं भिंतीला आवळा, पण चिखलातल्या दगडी भिंतीत स्क्रू धरत नाही, तिथं लाकडी खांबाला बांधा नाहीतर कपाटच दुसऱ्या खोलीत न्या. उशाशी बॅटरी आणि पायात घालायला चप्पल, कारण अंधारात काचांवर पाय पडतो.

हादरा बसला तर

पक्क्या घरात, फ्लॅटमधे: खाली बसा, टेबलाखाली जा, डोकं-मान झाकून टेबलाचा पाय धरून ठेवा, थांबेपर्यंत. जिन्याकडं पळू नका, लिफ्ट तर नाहीच. कच्च्या दगडमातीच्या घरात दार दोन पावलांवर आणि पुढं मोकळं अंगण असेल तर बाहेर पडा, नाहीतर भिंतीपासून लांब, पलंगाच्या कडेला अंग चोरून डोकं झाका. थांबलं की गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, आणि तडा गेलेल्या घरात सामान आणायलासुद्धा परत जायचं नाही, मोठ्या हादऱ्यामागून आणखी धक्के येतात. मदतीला ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७.

पोरांकडून हे खेळासारखं करून घ्या, अधूनमधून. पोरांना काय करायचं ते माहीत असलं की ती निम्मी शांत होतात.

दाराजवळ एक पिशवी, त्यात पाणी, रोजची औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स, थोडी रोकड. घराचा विमाही बघा, भारत गृह रक्षा पॉलिसीत भूकंप धरलेला असतो.

एवढं करूनही रोज रात्री छाती धडधडत असेल, झोप येत नसेल, तर सहन करत बसू नका, १४४१६ वर टेलीमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.

आणि गावाकडं म्हातारे आईवडील एकटेच असतील तर हे याच आठवड्यात करा: शेजारच्या घरी एक किल्ली द्या, हादरा बसला तर आधी त्यांना हाक कोण मारणार ते त्या माणसाशी नाव घेऊन ठरवा, आणि त्याचा नंबर आईच्या मोबाईलमधे पहिला ठेवा, तुमचा दुसरा.