गोल्फ शिकायला घेताय? सुरुवातीच्या या चुका टाळा

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा गोल्फचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात घेतला. आधीची पंधरा-वीस वर्षं टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलेली, त्यामुळे एका जागी थांबलेला बॉल मारायला काय अवघड, असं मनापासून वाटत होतं. पहिले तीन महिने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सकाळी शंभर-शंभर बॉल मारले, तरी खेळ होता तिथेच राहिला. मेहनत कमी पडत नव्हती. चूक दिसायची एकीकडे, मी तिथेच डागडुजी करत बसायचो आणि मूळ असायचं भलतीकडेच. आज रेंजवर नवीन आलेले लोक त्याच चक्रात अडकलेले दिसतात, म्हणून हे लिहितोय. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलट धरावं.

बॉल उचलायला जाऊ नका

सुरुवातीला सगळ्यात जास्त रडवतो तो टॉप झालेला शॉट. क्लबची खालची कड बॉलच्या वरच्या भागाला लागते आणि बॉल हवेत न जाता गवतातून घरंगळत जातो. मागून कोणीतरी लगेच सांगतं, "डोकं वर येतंय." मग आपण हनुवटी छातीत रुतवून उभे राहतो, खांदे वळेनासे होतात आणि पुढचा शॉट आणखी वाईट जातो.

डोकं वर येतं हे खरंच आहे, पण ते का येतं ते बघायला हवं. बॉल खालून वर उचलायचा प्रयत्न चाललेला असतो. वजन मागच्या पायावर राहतं, छाती उठते, हात आखडतात आणि क्लब बॉलपर्यंत पोचेपर्यंत वर जायला लागलेला असतो. आमच्याकडच्या एका जुन्या कॅडीदादांनी (कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, सल्ला देणारा मदतनीस) हे मला एका वाक्यात सांगितलं, "साहेब, उचलायचं काम लोखंडाला करू द्या." त्यांनी माझा सेव्हन आयर्न, म्हणजे सात नंबरचा लोखंडी डोक्याचा क्लब, जमिनीवर नीट टेकवला आणि त्याचा तिरका चेहरा, म्हणजे बॉलला लागणारा सपाट भाग, मला बाजूने बघायला लावला. साधारण तीस अंशांचा तो कल बॉल उडवण्यासाठीच दिलेला असतो. आयर्न खाली येता येताच बॉलला लागायला हवा आणि जमीन खरवडली गेलीच, तर ती बॉलच्या पुढे खरवडली जायला हवी.

हे तपासायला मी घरून पुडीत थोडी रांगोळी नेतो. सरावाच्या गवतावर निशाणाच्या दिशेला आडवी अशी हातभर रेघ ओढायची, ती दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि बॉल न ठेवता स्विंग करायचा. मग खाली वाकून बघायचं, गवत कुठे खरवडलं गेलंय? माझं पहिल्या दिवशी रेघेच्या चांगलं वीतभर मागे खरवडलेलं होतं, आणि तेही एकदा नाही, सलग आठ-नऊ वेळा. तिथेच टॉप आणि फॅट या दोन्ही शॉट्सचा उलगडा झाला. क्लब जमिनीला बॉलच्या आधी लागला की शॉट फॅट. तो टाळायला शरीर आपसूक वर उचललं की टॉप. दोन वेगळे आजार वाटतात, मूळ एकच. स्विंग संपताना वजन डाव्या पायावर, उजवी टाच उचललेली आणि पट्ट्याचं बक्कल निशाणाकडे, एवढंच लक्षात ठेवून वीस-वीस स्विंग करा. खरवडलेली जागा हळूहळू रेघेपुढे सरकते.

रेंजवरच्या हिरव्या मॅटवर फार विसंबू नका. मॅटवर क्लब दोन इंच मागे आपटला तरी घसरून पुढे जातो आणि बॉल बरा उडतो. तोच शॉट गवतावर मातीत रुततो. मॅटवरच सराव करावा लागत असेल, तर बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर घडी घातलेला रुमाल ठेवा. क्लब रुमालाला लागला, की समजायचं.

उजवीकडे वळणाऱ्या बॉलसाठी डावीकडे निशाण धरू नका

स्लाइस म्हणजे सरळ निघून मग उजवीकडे वळत जंगलात शिरणारा बॉल. यावर जवळजवळ प्रत्येक नवखा एकच उपाय करतो, थोडं डावीकडे तोंड करून उभा राहतो. स्लाइस वाढतो तो नेमका यानेच. बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः क्लबचा चेहरा बॉलला लागतो त्या क्षणी कुठे बघतोय त्यावर ठरतं. तो किती वळणार, हे चेहरा आणि क्लबचा मार्ग यांत किती फरक आहे त्यावर. क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढला जातोय आणि चेहरा त्या मानाने उजवीकडे उघडा आहे, हीच तर मूळ अडचण. आणखी डावीकडे वळून उभं राहिलात की मार्ग आणखी डावा होतो, फरक वाढतो, बॉल जास्त वळतो.

आधी ग्रिप बघा. डाव्या हाताची पकड तळव्यात नको, बोटांत हवी. क्लब धरून खाली पाहिलं की डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होणारा व्हीचा आकार उजव्या खांद्याकडे हवा. एकच पेर दिसत असेल, तर चेहरा उघडाच राहणार. आपल्याकडे क्रिकेट खेळून आलेल्यांना इथे जरा जास्त वेळ लागतो. बॅट सरळ ठेवायची सवय अंगात इतकी मुरलेली असते, की बॉल मारताना पुढचा हात फिरू द्यायची भीती वाटते. गोल्फमध्ये तो फिरायलाच हवा. नवीन ग्रिप पहिले आठ-दहा दिवस अगदी चुकीची वाटेल, तरी सोडू नका. आणि क्लब आवळू नका. आवळलेला हात फिरत नाही.

ग्रिप बसल्यावर मार्ग. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं, कापडी कव्हर बॉलच्या फूटभर मागे आणि जरासं पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून दूरच्या बाजूला ठेवा. क्लब बाहेरून येत असेल तर कव्हर उडेल. ते जागेवर राहीपर्यंत अर्ध्या वेगाने मारा.

माझं स्पष्ट मत आहे, की पहिले दोन महिने ड्रायव्हर बॅगेतच ठेवावा. त्याचा चेहरा जवळपास उभा असतो, त्यामुळे थोडीशी चूकही मोठं वळण घेते. नंतर घ्याल तेव्हा साडेदहा अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्टचा (चेहऱ्याच्या कलाचा) घ्या, बॉल डाव्या टाचेसमोर ठेवा आणि टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) एवढी उंच ठेवा, की अर्धा बॉल क्लबच्या डोक्याच्या वर दिसेल.

एका दिवशी एकच बदल

रेंजवर सल्ला देणारे भरपूर भेटतात, आणि देतात ते प्रेमानेच. पण एका सकाळी ग्रिप, स्टान्स (उभं राहायची पद्धत) आणि बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) तिन्ही बदललं, तर बॉल सुधारला की बिघडला हे कशामुळे, ते कधीच कळत नाही. सुरुवातीचे चार-पाच तास प्रशिक्षकाला द्या, त्याचे पैसे वसूल होतात. पुढे फोनवर व्हिडिओ काढा. एक समोरून आणि एक निशाणाच्या रेषेत मागून, फोन कमरेच्या उंचीवर. आपल्याला वाटतं ते आणि प्रत्यक्षात होतं ते, यांतलं अंतर बघून मी पहिल्यांदा हबकलो होतो.

पटिंग शेवटी ठेवू नका

पट म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर, पटर नावाच्या क्लबने बॉल घरंगळवायचा फटका. पार ७२ च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत पूर्ण व्हावेत अशा कोर्समध्ये प्रत्येक होलला दोन, असे ३६ पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ. तरी शंभर बॉल रेंजवर मारून लोक पटिंग ग्रीनवर पाच मिनिटंही थांबत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. ती लांब मारणाऱ्या खेळाडूंपैकी नव्हती. ती लढली पटरच्या जोरावर.

होलचा व्यास जेमतेम १०८ मिलिमीटर असतो, म्हणून सगळे दिशेच्या मागे लागतात. तीन पट होतात ते बहुतेक वेळा अंतर चुकल्यामुळे. दहा पावलांवरचा पट दिशेत फूटभर चुकेल, अंतरात पाच-सहा फूट. तीन, सहा आणि नऊ पावलांवर टी खोचा आणि बॉल टीशेजारी थांबवायचा सराव करा, होलकडे बघूच नका. पावसाळ्यात ओल्या ग्रीनवर बॉल अडतो, हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी पळतो, म्हणून खेळायच्या आधी दहा मिनिटं तिथला वेग बघून घ्या. ग्रीनच्या कडेला गवत छोटं असेल, तर वेज (जास्त कलाचा, बॉल उंच उडवणारा क्लब) न काढता पटरच वापरा.

आणि कॅडीला विचारा. उतार कुठे आहे हे ज्याने ते ग्रीन हजारदा पाहिलंय त्याला तुमच्यापेक्षा चांगलं दिसतं. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली होती. त्या लोकांशी आदराने बोला.

सेट आणि नियम

बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. तुम्हाला सात पुरतील. एक हायब्रिड (लांब मारायला सोपा क्लब), सहा, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. चांगल्या स्थितीतला वापरलेला सेट घ्या. सभासदत्वाशिवाय खेळायचं असेल तर खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे पैसे भरून खेळता येतं.

नियमांत नवखे अडकतात ते मोजक्या ठिकाणी. बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात. हरवला तर एक दंडाचा फटका धरून आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचा. हरवल्याची शंका असेल तर तिथूनच, तसं सांगून, प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता दुसरा बॉल मारा, म्हणजे मागे चालत यावं लागणार नाही. ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं, गुडघ्याच्या उंचीवरून. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सरावाच्या स्विंगला क्लब वाळूला लावायचा नाही. बॉल कोणाच्या दिशेने जातोय असं दिसलं की संकोच न करता जोरात "फोर!" ओरडा, यात कोणाचा तरी डोळा वाचतो.

पहिल्या राऊंडला होलच्या सगळ्यात जवळच्या, पुढच्या टीवरून (सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवरून) नऊच होल खेळा. कार्डावर नुसता आकडा लिहू नका, शेजारी तीन खुणा करा: किती पट, किती बॉल हरवले, किती टॉप झाले. माझ्या अशा पहिल्या कार्डावर नऊ होलमध्ये चोवीस पट होते आणि हरवलेले बॉल दोन. पुढचे दोन आठवडे मी रेंजवर गेलोच नाही, रोज संध्याकाळी पटिंग ग्रीनवर जात होतो.