समाजशास्त्राच्या वहीचं उजवं पान

अकरावीला आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, व्याख्या पाठ केल्या तर चालेल ना?" चालेल की. दिवाळीपर्यंत विसराल, एवढंच. सांगलीत सतरा वर्षं हा विषय शिकवतेय, आणि दरवर्षी एकच काम लावते. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर पुस्तकातली संकल्पना, एका ओळीत. उजवं पान मोकळं सोडा. ते घरात, गल्लीत, मिरजेच्या बसमध्ये भरायचं.

सुरुवात प्राथमिक समूहापासून करा. समोरासमोरच्या, जिव्हाळ्याच्या छोट्या समूहाला चार्ल्स कूली यांनी १९०९ मध्ये हे नाव दिलं. उजव्या पानावर लिहा, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा घरचे कुणाकडे राहायला गेले? मामाकडे? शाळेतल्या छावणीत? एका मुलीनं लिहिलं होतं, "बाबा ऑफिसातल्या कुणाकडेच गेले नाहीत, वीस वर्षांची ओळख असून." दुय्यम समूह, म्हणजे कामापुरत्या संबंधांचा, तिला मला वेगळा शिकवावा लागला नाही.

लोकरीती आणि लोकनीती यांत मात्र सगळेच घोळ घालतात. हा भेद विल्यम समनर यांचा, १९०६ चा. तो ओळखायची माझी युक्ती अशी, की नियम शोधत बसू नका, मोडल्यावर काय होतं ते बघा. संक्रांतीला वाण न लुटता नुसताच तिळगूळ दिलात, तर बायका हसतील, फार तर पुढच्या संक्रांतीपर्यंत चिडवतील. ही लोकरीती. वडील गेल्यानंतरच्या वर्षी मी आईला हट्टानं शेजारच्या हळदीकुंकवाला नेलं. कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त कुंकवाचा करंडा तिच्यासमोरून पुढे सरकला, आणि आई मुठीत तिळगूळ धरून बसून राहिली. इथे प्रश्न आवडीनिवडीचा नव्हता, 'अशुभा'चा होता, म्हणून ही लोकनीती. शिक्षा न बोलताही होते, हे लिहाच. आणि लोकनीतीही हलते. मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं.

अर्पित (जन्मानं मिळालेला) आणि अर्जित (स्वतः कमावलेला) दर्जाला वेळ घालवू नका. स्वतःचं आडनाव आणि दहावीचं मार्कशीट शेजारी ठेवा, झालं.

एका घरावरून सगळ्या सांगलीला लेबल लावायचं नाही. निदान तीन घरं बघा, तीही वेगवेगळ्या गल्ल्यांतली. वहीत खरी नावं नकोत. एकाची वही त्याच्याच काकूच्या हाती लागली होती. ते प्रकरण निस्तरायला मला त्यांच्या घरी चहाला जावं लागलं.

पेपरात डावं पान आधी लिहा, उजवं नंतर. उलटं केलंत तर निबंध होतो, आणि मार्क जातात.