नव्याच्या जेवणाला गावात जायचंय? मग उपाशी जा

गोव्यात नवं धान्य घरात आणायचे दिवस गावागणिक वेगळे, राय गावच्या चर्चमध्ये कणसांचं फेस्त, म्हणजे सण, ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ऑगस्टला, आणि हिंदू घरांत चतुर्थीच्या आसपास देवळातून भाताची कणसं आणून दाराला बांधतात, त्यामुळे आधी गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा, नायतर सगळं आवरल्यावर पोचाल.

देवळात समाराधना, म्हणजे गावजेवण, असेल तर जेवायच्या टायमाला नको, सकाळीच जा. खरी मजा मागच्या अंगणात असते. मोठाल्या टोपांखाली लाकडं पेटलेली, बायका आदोळीवर (विळीवर) नारळ खवतायत, एकजण सुरण चिरताना हात खाजतो म्हणून वैतागलेला. "काय करू?" विचारा, सोलायला शेंगा मिळतीलच. पण टोपात स्वतःहून डाव घालू नका, आणि सोवळ्यातला स्वयंपाक असेल तर बाहेरच थांबा, फोटोसुद्धा विचारूनच.

खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांची आमटी, नीट बघा. सुरण, नीरफणस, मुळा, मक्याचं कणीस, तूरडाळ, नारळाचं वाटण आणि शेवटी तिरफळं, कांदा-लसूण अजिबात नाय. तिरफळ चावायचं नसतं हां, मी पहिल्यांदा चावलं नि जीभ बधिर झाली.

पंगतीत थोडं थोडं घ्या, कारण मणगणं शेवटी येतं, चणाडाळ-गूळ-नारळाच्या रसाचं, आणि वाढणारे "आनी मात्शें" (अजून थोडं) म्हणत सोडत नाहीत. पान उचलायचं की ठेवायचं ते शेजारच्याकडे बघून ठरवा. रिकाम्या हाताने जाऊ नका, दोन नारळ पुरे.