काउंटरवर जुना साठा दिसतोय? संगणकातली कॅश अशी ताजी ठेवा

मशीद बंदरच्या पेढीवर स्क्रीन ४० गोणी दाखवते आणि भिवंडीच्या गोदामातून त्यातल्या १२ मघाशीच निघालेल्या असतात. डेटाबेस बरोबर असतो, काउंटरच्या संगणकातली कॅश, म्हणजे पटकन वाचता यावी म्हणून ठेवलेली डेटाची तात्पुरती प्रत, शिळी असते.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर ट्रिगरमधून (टेबलमध्ये बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडमधून) नोटिफाय हा सूचना-संदेश पाठवा, क्लायंटने (काउंटरवरच्या प्रोग्रामने) लिसन करावं, म्हणजे संदेश ऐकत राहावं आणि तो आला की ती ओळ कॅशमधून काढावी. संदेशात फक्त टेबलचं नाव आणि ओळीचा आयडी घाला; मर्यादा ८००० बाइटच्या आतली आहे. संदेश कमिटनंतरच (बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावरच) सुटतो, हे फार सोयीचं.

खरी गोम पुढे आहे. नेट गेलेलं असताना निघालेले संदेश नंतर मिळत नाहीत. त्यामुळे पुन्हा जोडणी झाली की आधी लिसन, मग अख्खी कॅश रिकामी, मग वाचन. लिसन शेवटी ठेवलंत तर मधल्या क्षणातला बदल हुकतो. पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन्स वाटून देणारा मधला प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, म्हणजे प्रत्येक व्यवहारानंतर कनेक्शन दुसऱ्याला देत असेल, तर लिसनसाठी सर्व्हरशी थेट कनेक्शन ठेवा.

आणि माल विकताना कॅशवर विसंबू नकाच. प्रत्येक ओळीला आवृत्ती क्रमांक द्या, अपडेटची अट ‘आयडी १७ आणि आवृत्ती ५ असेल तरच’ अशी लिहा, त्याच अपडेटमध्ये आवृत्ती ६ करा. शून्य ओळी बदलल्या, म्हणजे मधे कुणी ती ओळ बदललेली असली, तर ओळ ताजी वाचून मगच बिल करा.