लिनक्सवर वायफाय: आधी केबल तपासा

लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसताना बॅकअप, बूट होणारा पेनड्राइव्ह, वायफायचा पासवर्ड हवा हे सांगायला नको. खरी वस्तू म्हणजे फोन लॅपटॉपला जोडायची यूएसबी केबल, तीही डेटा जाणारी. मागच्या वेळी ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय कार्डासाठी बी४३ फर्मवेअरचं (कार्डात चढवायच्या सॉफ्टवेअरचं) पॅकेज पेनड्राइव्हवर घेऊन मी ऐटीत बसलो होतो. इन्स्टॉल करताना कळलं, त्यात फर्मवेअर नसतंच. ते आणायला पॅकेज स्वतःच नेटवर जातं. नेट असतं तर हा खटाटोप कशाला केला असता! फोन जोडला, बॅटरीवर चार्जिंगची खूण आली, पण यूएसबी टेदरिंगचं (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देण्याचं) बटण करडंच. केबल नुसती चार्जिंगची. अर्धा दिवस गेला. तेव्हा आदल्या दिवशीच जोडून टेदरिंग खरंच सुरू होतंय का ते बघा. खरंच बघा.

मग जुनी सिस्टीम पुसायच्या आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करताच लिनक्स चालवणाऱ्या) बूट करून कार्ड ओळखा: आतलं असेल तर एलएसपीसीआय (lspci) ही कमांड, यूएसबीत खोचायचं डोंगल असेल तर एलएसयूएसबी (lsusb). कंपनीच्या नावावर जाऊ नका, कमांड दाखवते तो चिपचा आयडी उतरवून घ्या. एकाच मॉडेलच्या डोंगलात वेगवेगळ्या चिप निघतात. आणि उतरवायचा तो कागदावर, पुसल्या जाणाऱ्या डिस्कवर नव्हे. आयडी ८०८६ ने सुरू झाला तर इंटेल, बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलंय. रिअलटेकच्या काही चिपना मात्र ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) बाहेरून आणून कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडमधून तयार करावा लागतो. त्याला कंपायलर, डीकेएमएस (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा तयार करणारं साधन) आणि चालू कर्नलच्याच (लिनक्सच्या गाभ्याच्याच) आवृत्तीचे हेडर, म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स हव्यात, जवळपासच्या आवृत्तीचे चालत नाहीत. हे सगळं डाउनलोड करायचं कशावरून? फोनच्या नेटवरून, म्हणजे केबल!

सिक्युअर बूट (डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल घेतच नाही. एकतर ते बंद करा, नाहीतर स्वतःची की (सही करायची डिजिटल किल्ली) नोंदवा. की नोंदवताना दिलेला पासवर्ड रीबूटनंतर निळ्या पडद्यावर विचारतात. तो पडदा घाईत ओलांडलात की सगळं पहिल्यापासून.

कार्ड दिसतंय पण नेटवर्क नाही? आरएफकिल (rfkill) ही कमांड चालवून वायफाय बंद केलेलं आहे का ते बघा. हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपवरचा वायफायचा स्विच शोधा, कमांडने तो निघत नाही. फर्मवेअर फाइल नसेल तर डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) तिचं नावच लिहिलेलं असतं. फक्त स्वतःच्या राउटरचंच नेटवर्क दिसत नसेल तर राउटर चॅनेल १२-१३ वर आहे का आणि लॅपटॉपवर वायफायसाठी देशाचा कोड बरोबर आहे का ते बघा. सोबत विंडोज असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप बंद करताना विंडोज अर्धवट झोपेत ठेवणारी सोय) बंद करा. नेट मधेच तुटतं, तर वायफायचं पॉवर सेव्ह (वीज वाचवणारी सेटिंग) बंद करा. कर्नल अपडेट झाल्यावर जुना कर्नल लगेच काढू नका, नव्यावर वायफाय चाललं नाही तर तोच कामी येतो. केबलही कुणाला देऊ नका.