टकीला शॉट मारून संपवू नका, चाखा कशी ते सांगतो

टकीला म्हटली की आपल्याकडे ठरलेला कार्यक्रम, हातावर मीठ, एका दमात शॉट, वर लिंबू आणि तोंड वाकडं. स्वस्तातल्या टकीलाला ते ठीकच आहे म्हणा, चव लागू नये हाच हेतू असतो. चांगली बाटली हाताशी असेल तर मात्र मीठ लिंबू आत ठेवून द्या.

आधी लेबल बघा. त्यावर "१००% दे अगावे" असं लिहिलेलं पाहिजे. नसेल तर ती मिक्स्टो, म्हणजे निदान ५१% साखर अगावेची आणि बाकीची उसाबिसाची. अगावे म्हणजे टकीला ज्यापासून बनते ते मेक्सिकोतल्या हालिस्को भागातलं निळसर झाड, आपल्या माळावरच्या घायपाताच्या कुळातलंच, तयार व्हायला साधारण ६-७ वर्षं घेतं.

सुरुवात ब्लांकोने (जवळजवळ न मुरवलेली टकीला) करा, महागड्या आन्येहोने (लाकडी पिंपात मुरवलेली) नको. ब्लांकोला लाकडाचा वास लागलेला नसतो (फार तर २ महिने पिंपात ठेवतात), त्यामुळे मूळ अगावे काय चीज आहे ते तिथेच कळतं आणि ते एकदा नाकात बसलं की पुढचं सगळं सोपं.

ग्लास वर निमुळता होणारा घ्या, छोटा वाइन ग्लास चालेल. २०-३० मिली ओता, बर्फ नको, फ्रीजमधली गार बाटली तर नकोच, गारठ्यात वास बसून जातो. पाचेक मिनिटं तशीच राहू द्या.

आता वास. नाक एकदम आत खुपसलंत तर नुसता अल्कोहोल झोंबेल आणि पुढची काही मिनिटं काहीच कळणार नाही, म्हणून ग्लास थोडा लांब धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूच वास घ्यायचा. भाजलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास आला की समजा अगावे सापडलं, कारण त्या झाडाचा गड्डा भट्टीत शिजवलेला असतो. मग मागून मिरी, लिंबाची साल, पुदिना, कधी ऑलिव्हचा खारटपणा. काहीच लागत नसेल तर एक थेंब तळहातावर चोळा, अल्कोहोल उडून जातो आणि खाली राहतो तो खरा वास, ही ट्रिक मला सगळ्यात भारी वाटते.

पहिला घोट अगदी लहान, फक्त जिभेला सवय व्हायला, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात फिरवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा, अर्धी चव तिथे कळते.

मग शेजारी रेपोसादो (२ महिने ते १ वर्ष पिंपात) आणि आन्येहो (१ ते ३ वर्षं) ठेवून बघा. व्हॅनिला, कॅरॅमल, दालचिनी येईल, ते ओकच्या लाकडाचं. बघायचं एवढंच की त्याखाली ते शिजलेलं अगावे अजून लागतंय का. नुसता केकसारखा व्हॅनिलाच येत असेल तर मला तरी शंका येते, कारण कॅरॅमल रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक थोड्या प्रमाणात घालायला नियमातच मुभा आहे.

आवडली तर लेबलवर एनओएम (NOM, मेक्सिकोचं सरकारी मानक) या अक्षरांपुढचा ४ आकडी नंबर लिहून ठेवा. तो डिस्टिलरीचा असतो, ब्रँडचा नाही, त्यामुळे त्याच डिस्टिलरीत बनलेली दुसऱ्या नावाची, कदाचित स्वस्त बाटलीही शोधता येते.